साधा फोन की स्मार्टफोन? नंबर हलवण्याआधी तपासायच्या गोष्टी

साधा, बटणांचा फोन घ्यावा की सगळ्या सोयींचा स्मार्टफोन, हे ठरवताना बहुतेक जण दोन फोन शेजारी ठेवून कॅमेरा, बॅटरी आणि पडद्याचा आकार बघतात. निवड मात्र फसते ती दुसऱ्याच दोन जागी. घेतलेला फोन आपल्या नेटवर्कवर नीट बोलत नाही, किंवा आपल्या नंबराला जोडलेली खाती त्या फोनवरून उघडता येत नाहीत. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा त्या दोन गोष्टींना दिली आहे. स्वतःसाठी फोन बघत असाल, घरातल्या ज्येष्ठांसाठी किंवा मुलांसाठी, क्रम हाच ठेवा.

आधी जमवून ठेवा

- सिम ज्याच्या नावावर आहे त्या व्यक्तीचं ओळखपत्र. सिम बदलून घ्यायची वेळ आली तर त्या व्यक्तीलाच जावं लागतं.
- सिमचा पिन आणि पीयूके (पिन चुकून सिम अडकलं की ते उघडणारा कोड). सिम ज्या कार्डावर चिकटून येतं त्यावर ते छापलेले असतात. कार्ड हरवलं असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीकडून मिळवा.
- सिमच्या आकाराचे अडॅप्टर. स्मार्टफोनमधलं सिम नॅनो असतं, १२.३ × ८.८ मिमी. बऱ्याच साध्या फोनांची खाच मिनी सिमची असते, २५ × १५ मिमी.
- ३२ जीबी किंवा त्याहून लहान मेमरी कार्ड. त्यापेक्षा मोठं कार्ड अनेक साधे फोन ओळखत नाहीत.
- एक संगणक किंवा टॅब्लेट. नव्या फोनवर जाताना लागेलच.
- कागद. खात्यांचे आणीबाणीचे कोड फोनमध्ये साठवून उपयोग नसतो.

## १. कामांची यादी करा

आठवडाभर फोन उचलताना तो कशासाठी उचलला ते लिहा. ‘फोन बघितला’ असं मोघम लिहू नका; ‘बसची वेळ बघितली’, ‘खात्यातली शिल्लक पाहिली’, ‘ऑफिसच्या गटात उत्तर दिलं’ असं लिहा. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा:

- अ – फोनशिवाय किंवा साध्या फोनवर होतं (कॉल, एसएमएस, गजर, रेडिओ, टॉर्च).
- ब – संगणकावर करता येईल, थोडं थांबलं तरी चालेल (ईमेल, बिलं, तिकिटं).
- क – हातात, रस्त्यावर, त्याच क्षणी लागतं आणि स्मार्टफोनशिवाय होत नाही (नकाशा, अ‍ॅपमधून पैसे देणं, कामाच्या ठिकाणचं हजेरीचं अ‍ॅप).

‘क’ खुणेची कामं एक-दोनच असतील आणि त्यांना पर्याय असेल, तर साधा फोन निभावेल. चार-पाच असतील आणि त्यातलं एखादं नोकरीशी बांधलेलं असेल, तर साधा फोन मुख्य फोन म्हणून घेऊ नका. महिन्याभरात परत स्मार्टफोनकडे याल आणि एक फोन कपाटात पडून राहील.

फोटोंबद्दल वेगळं सांगायला हवं. लोक हे काम यादीत लिहायलाच विसरतात, कारण ते काम वाटत नाही. साध्या फोनचा कॅमेरा सहसा ०.३ ते २ मेगापिक्सेलचा असतो. त्यावर कागदपत्राचा वाचता येण्यासारखा फोटो निघत नाही. कोणी ‘फोटो काढून पाठवा’ म्हणालं की अडतं.

## २. ‘साधा फोन’ म्हणजे नेमका कुठला, ते ठरवा

या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

निव्वळ बटणांचा फोन. कॉल, एसएमएस, एफएम, टॉर्च. अ‍ॅप टाकण्याची सोय नाही. बॅटरी साधारण १००० ते १५०० एमएएचची, पण पडदा लहान आणि पाठीमागे काही चालू नसल्यामुळे कित्येक दिवस पुरते.

इंटरनेट असलेला बटणांचा फोन. काईओएससारखी प्रणाली, ब्राउझर, नकाशा, थोडीफार अ‍ॅप्स. ‘दोन्हीचं उत्तम’ म्हणून हा गळ्यात मारला जातो आणि सर्वाधिक अपेक्षाभंगही हाच करतो. काईओएस २.५ चा ब्राउझर फायरफॉक्स ४८ वर, म्हणजे २०१६ च्या इंजिनवर उभा आहे. आजची बरीच संकेतस्थळं त्यात अर्धवट उघडतात किंवा उघडतच नाहीत. काईओएसवर व्हॉट्सअ‍ॅप नव्याने उतरवून घेण्याची सोयही जून २०२४ मध्ये बंद झाली. खोक्यावर व्हॉट्सअ‍ॅपचं चिन्ह छापलेला जुना माल समोर आला तर त्या चिन्हावर विश्वास ठेवू नका.

मुद्दाम कमी केलेला फोन. लाइट फोन किंवा पुंक्टसारख्या कंपन्यांचे. आतून बऱ्यापैकी आधुनिक, वरून मोजक्याच सोयी. दिसायला देखणे असतात आणि किंमत चांगल्या स्मार्टफोनच्या आसपास जाते. पैसे वाचवायला साधा फोन घेत असाल तर हा वर्ग सोडून द्या.

## ३. नेटवर्क तपासा

ही पायरी गाळू नका. फोन परत करण्याची वेळ बहुतेकदा इथे चुकल्यामुळे येते.

पिढी. ‘फक्त कॉल तर करायचेत, २जी पुरेल’ हा हिशेब अनेक देशांत चुकतो. जुनी नेटवर्कं बंद होत चालली आहेत. सिंगापूरने २०१७ मध्ये २जी बंद केलं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते २०२४ मध्ये संपलं. तुमच्या भागात २जी अजून चालू असेल, तरी ते किती वर्षं चालणार हे कंपनीला विचारून मगच २जी फोन घ्या. नव्याने घेताना किमान ४जी घ्यावा.

आवाज ४जीवरून जातो का. ४जी हे मुळात डेटासाठी बांधलेलं नेटवर्क आहे. त्यावरून बोलण्यासाठी फोनमध्ये व्हीओएलटीई लागतं. ते नसेल तर कॉल लागताच फोन गुपचूप २जी किंवा ३जीवर उतरतो. ती जुनी नेटवर्कं बंद झालेल्या ठिकाणी उतरायला जागाच नसते. पडद्यावर ४जी दिसतं, कॉल मात्र लागत नाही. याला आणखी एक पदर आहे. काही कंपन्या आपण मान्य केलेल्या मॉडेल्सनाच व्हीओएलटीई देतात. फोनमध्ये सोय असूनही तुमच्या सिमवर ती चालू होईलच असं नाही. ऑस्ट्रेलियात ३जी बंद होताना, ४जी असूनही आणीबाणीचा कॉल ४जीवरून लावू न शकणारे फोन नेटवर्कवरून बंद करण्यात आले. त्यामुळे ‘४जी फोन आहे का’ असं न विचारता ‘हे मॉडेल तुमच्या नेटवर्कवर व्हीओएलटीईने बोलतं का’ असं विचारा.

घरी करण्यासारखी चाचणी: सिम घाला, ४जीचं चिन्ह दिसू द्या, कॉल लावा आणि कॉल चालू असताना चिन्हाकडे बघा. ४जी कायम राहिलं तर व्हीओएलटीई चालू आहे. ते जाऊन ३जी, एच किंवा ई दिसलं तर फोन खाली उतरला. आधी सेटिंगमध्ये व्हीओएलटीई बंद तर नाही ना, ते बघा. अनेक साध्या फोनांत ते मुळात बंदच येतं.

बँड. प्रत्येक कंपनी ठरावीक बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या ठरावीक पट्ट्यांवर, ४जी चालवते: बँड ३ म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००, बँड २८ म्हणजे ७००, बँड ४० म्हणजे २३००. कमी मेगाहर्ट्झचे बँड लांबवर पोहोचतात आणि भिंतीतून आत येतात. स्मार्टफोनमध्ये भरपूर बँड असतात, स्वस्त साध्या फोनात मोजकेच. नेमका तुमच्या कंपनीचा खालचा बँड नसेल तर रस्त्यावर रेंज पूर्ण आणि घरात शून्य, असा प्रकार होतो. माणूस मग बॅटरीला आणि सिमला दोष देत बसतो. कंपनीच्या बँडची यादी आणि फोनच्या माहितीपत्रकातली यादी शेजारी ठेवून जुळवा.

मॉडेलचा पूर्ण क्रमांक. २०१७ साली आलेल्या नव्या नोकिया ३३१० ची पहिली आवृत्ती २जी होती. ३जी आणि ४जी आवृत्त्या नंतर निघाल्या. नाव एकच. त्यामुळे नावावर न जाता खोक्यावरचा किंवा बॅटरीखालच्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक बघा. सोबत \*#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय (त्या फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि तो खोक्यावरच्या आकड्याशी जुळतो का पाहा. वापरलेला फोन घेताना हे न चुकता करा.

## ४. नंबराला काय काय बांधलेलं आहे, ते शोधा

सिम साध्या फोनात घातल्यावर ओटीपीचे एसएमएस येतच राहतात, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण आता बरीच खाती एसएमएसवर चालत नाहीत. एका बैठकीत, जुना स्मार्टफोन हातात असतानाच, पुढची प्रत्येक गोष्ट तपासा.

बँक. बँकेला तीन गोष्टी विचारा: व्यवहाराची मंजुरी एसएमएसने मिळते की फक्त अ‍ॅपमधून, अ‍ॅप नसेल तर संगणकावरून सगळे व्यवहार होतात का, कोड दाखवणारं वेगळं उपकरण मिळतं का. मंजुरी फक्त अ‍ॅपमधून असेल तर तो स्मार्टफोन घरी, वाय-फायवर, चालू स्थितीत ठेवावा लागेल.

ऑथेंटिकेटर अ‍ॅप. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड ज्या अ‍ॅपमध्ये येतो ते. कोड तयार करणारी गुप्त किल्ली फोनमध्ये असते, नंबरात नसते. फोन पुसला आणि किल्ली दुसरीकडे नेलेली नसली की खातं हातातून गेलं. फोन पुसण्याआधी अ‍ॅपमधून निर्यात करून ती टॅब्लेटवर किंवा संगणकावरच्या पासवर्ड व्यवस्थापकात न्या. प्रत्येक खात्यावर नव्या जागेवरून एकदा लॉगिन करून बघितल्याशिवाय जुनं काढू नका.

‘फोनवर हो म्हणा’ प्रकारचं लॉगिन. गूगलसारखी खाती स्मार्टफोनवर सूचना पाठवतात. ही पद्धत बदलून घ्या आणि बॅकअप कोड छापा. गूगल एका वेळी आठ आकड्यांचे दहा कोड देतं. प्रत्येक एकदाच चालतो. वापरलेल्या कोडवर काट मारा. संगणकाला लावायची सुरक्षा किल्ली घेतलीत तर साध्या फोनबरोबर तिची जोडी उत्तम जमते. घ्यायचीच तर दोन घ्या, एक हरवली तरी दुसरी असते.

पासकी. पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने उघडणारी खाती. पासकी कुठे साठली आहे ते सेटिंगमध्ये बघा आणि त्याच खात्यावर पासवर्डाची वाटही उघडी ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल (तसंच संदेशांचं दुसरं अ‍ॅप). दोन्हींना मुख्य उपकरण म्हणून स्मार्टफोन लागतो, पण सिम त्याच स्मार्टफोनमध्ये असण्याची गरज सगळीकडे नसते; तुमच्या देशात तसा नियम आहे का, ते आधी बघा. सिम साध्या फोनात, व्हॉट्सअ‍ॅप जुन्या स्मार्टफोनवर घरच्या वाय-फायवर, आणि त्याला जोडलेला संगणक अशी रचना नियम आड येत नसेल तिथे व्यवस्थित चालते. पडताळणीचा कोड साध्या फोनवर एसएमएसने येतो, तो स्मार्टफोनमध्ये टाकायचा. व्हॉट्सअ‍ॅपला चार उपकरणं जोडता येतात; मात्र मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर ती सगळी तुटतात. आठवड्यातून एकदा अ‍ॅप उघडायचं एवढं लक्षात ठेवा.

आयमेसेज आणि आरसीएस (एसएमएसऐवजी इंटरनेटवरून संदेश नेणाऱ्या सोयी). हा सापळा सहसा कोणी सांगत नाही. आयफोनवरून निघताना आयमेसेज बंद न करता सिम काढलं, तर इतर आयफोनवाल्यांचे संदेश आयमेसेजकडेच जात राहतात आणि साध्या फोनवर पोहोचत नाहीत. पाठवणाऱ्याला वाटतं संदेश गेला. अँड्रॉइडवर तीच गोष्ट आरसीएस चॅटची. सिम काढण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही सेटिंगमधून बंद करा. विसरलात तर अ‍ॅपल आणि गूगल दोघांच्याही संकेतस्थळावर नंबर मोकळा करण्याची सोय आहे.

ईसिम (वेगळं कार्ड नसलेलं, फोनच्या आतच असणारं सिम). बहुतेक साध्या फोनांत ईसिम चालत नाही. तुमचं असेल तर आधी प्रत्यक्ष सिम मागवा. नवं सिम सुरू झाल्यावर काही कंपन्या आणि बँका थोडा काळ ओटीपी रोखून धरतात, म्हणून हे काम पैसे भरायच्या तारखेला धरून करू नका.

## ५. साधा फोन हातात घेऊन तपासा

माहितीपत्रकात न दिसणाऱ्या गोष्टी पाच मिनिटांत कळतात.

- बटणं. अंगठ्याच्या टोकाने दाबा. दोन बटणांमध्ये उंचवटा किंवा खाच जाणवली पाहिजे. ५ वर ठिपका हवा, म्हणजे न बघता नंबर लावता येतो. सपाट, एकसंध रबराची बटणं ज्येष्ठांना त्रास देतात.
- अक्षरांचा आकार. मुख्य पडद्यावर मोठी अक्षरं आणि आत गेलं की बारीक, असं अनेक मॉडेल्सचं असतं. एसएमएस उघडून आणि संपर्कांची यादी उघडून बघा.
- देवनागरी. एसएमएस मराठीतून नुसता वाचता येतो की लिहिताही येतो? जोडाक्षरं तुटून तर दिसत नाहीत? स्वतःला एक मराठी संदेश पाठवून बघा. लक्षात असू द्या, रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेलात की एका संदेशाचे दोन-तीन मोजले जातात.
- कानाचा आवाज. गोंगाटात कॉल लावून बघा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी फोन श्रवणयंत्राशी किती जुळतो ते सांगणाऱ्या एम आणि टी या खुणा बघाव्यात; एम३/टी३ किंवा त्याहून वर असलेला फोन घ्यावा.
- बॅटरी. काढता येणारी असेल तर चांगलंच. बीएल-५सी हा आकार जगभर मिळतो, आणि तितक्याच प्रमाणात त्याच्या नकलाही. आतलं संरक्षक सर्किट नसलेली नकली बॅटरी फुगते. दाबून बघितल्यावर मध्ये फुगवटा जाणवला तर घेऊ नका.
- चार्जिंग. काही स्वस्त फोनांना टाइप-सी खाच असते, पण दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाहीत. फोनच्या बाजूला लागणारे दोन छोटे रोधक वाचवलेले असतात, म्हणून चार्जरला कोणी जोडलं आहे हे कळतच नाही. खोक्यातली, एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी असलेली केबल जपून ठेवा.
- एसओएस बटण. दाबल्यावर एसएमएस जातो की कॉल, किती जणांना, आणि कुणी उचललं नाही तर पुढच्याला लागतो का? समोरच्याचा व्हॉइसमेल लागला की ‘कॉल उचलला’ असं समजून पुढे न जाणारे फोनही असतात. घरी खरोखर दाबून चाचणी घ्या.

इथे स्मार्टफोनच्या बाजूची एक गोष्ट नमूद करायलाच हवी. आणीबाणीच्या नंबराला कॉल लावल्यावर अनेक देशांत स्मार्टफोन आपलं ठिकाण आपोआप मदत यंत्रणेला कळवतो. साध्या फोनात बहुधा जीपीएसच नसतं. एकटं राहणाऱ्या किंवा डोंगरात फिरणाऱ्या माणसासाठी फोन निवडताना मी या मुद्द्याला बॅटरीपेक्षा जास्त वजन देईन.

## ६. स्मार्टफोनच ठरला तर

बाजारातल्या नव्याण्णव सोयींपैकी चार बघितल्या तरी पुरे.

पहिली, सुरक्षा अपडेट किती वर्षं. अपडेट थांबलेल्या फोनवर काही काळाने बँकेची अ‍ॅप्स चालेनाशी होतात. फोन धडधाकट असतो आणि तरी बदलावा लागतो. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. युरोपीय संघात जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या नव्या फोनांना किमान पाच वर्षं अपडेट देणं बंधनकारक झालं. स्वस्त मॉडेल्सचा काळ बराच कमी असू शकतो. आणि ही वर्षं सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल सवलतीत मिळतंय म्हणून घेताना ती दोन वर्षं वजा करा.

दुसरी, साठवण. ६४ जीबीतला मोठा वाटा प्रणाली आणि सोबत आलेली अ‍ॅप्सच घेतात. १२८ जीबीपासून सुरुवात करा.

तिसरी, खरी रॅम. जाहिरातीत ८ जीबी लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ४+४. दुसरे चार जीबी साठवणीतून उसने घेतलेले असतात आणि खऱ्या रॅमइतके वेगवान नसतात. पहिला आकडाच धरा.

चौथी, दुरुस्ती. पडदा आणि बॅटरी तुमच्या भागात बदलून मिळते का, हे घेण्याआधी विचारा. मागच्या बाजूला चार कॅमेरे असतील तर त्यातले दोन बऱ्याचदा २ मेगापिक्सेलचे, संख्या भरायला लावलेले असतात. त्यांच्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

## ७. मधल्या वाटा

दोन टोकांपैकी एकच निवडलं पाहिजे असं कुठे आहे?

स्मार्टफोनलाच साधा करणं. ‘लक्ष विचलित होतं’ एवढीच तक्रार असेल तर नवा फोन घेण्याआधी हे दोन आठवडे करून बघा. ब्राउझर आणि अ‍ॅप स्टोअर सोडून वेळखाऊ अ‍ॅप्स काढून टाका (नुसती लपवू नका), सूचना फक्त कॉल आणि एसएमएसच्या ठेवा, पडदा कृष्णधवल करा. आयफोनमध्ये कृष्णधवल पडदा अ‍ॅक्सेसिबिलिटीतल्या रंगाच्या फिल्टरमध्ये मिळतो, अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंगच्या झोपेच्या सेटिंगमध्ये. ज्येष्ठांसाठी सॅमसंगमध्ये ईझी मोड आहे आणि आयओएस १७ पासून आयफोनवर असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस, ज्यात मोजकीच मोठी चिन्हं राहतात.

साधा फोन खिशात, स्मार्टफोन घरात. नंबर साध्या फोनात, बाकी सगळं घरच्या वाय-फायवरच्या जुन्या स्मार्टफोनवर. ‘क’ खुणेची कामं दोन-तीन असणाऱ्यांना ही रचना सर्वांत जास्त टिकते असं माझं मत आहे. बाहेर कधी तरी इंटरनेट लागणारच असेल तर हॉटस्पॉट देणारा ४जी साधा फोन शोधा आणि सोबत टॅब्लेट न्या.

नंबर न हलवता कॉल वळवणं. सिम स्मार्टफोनमध्येच ठेवून कॉल साध्या फोनच्या दुसऱ्या नंबरवर पाठवता येतात. \*\*२१\*नंबर# लावलं की सगळे कॉल वळतात, ##२१# ने थांबतात, \*#२१# ने स्थिती कळते. वळतात ते कॉल. एसएमएस वळत नाहीत, त्यामुळे ओटीपी मूळ सिमवरच येतील. वळवलेल्या कॉलचे पैसेही कदाचित तुम्हालाच पडतील. आणि कुणी अनोळखी माणूस फोन करून असे कोड लावायला सांगत असेल तर तो तुमचे कॉल स्वतःकडे वळवू पाहतोय. ताबडतोब ठेवून द्या. चुकून लावलाच तर ##००२# ने सगळं वळवणं रद्द होतं.

दोन गैरसमजही इथेच काढून टाकतो. ज्येष्ठांना साधा फोन सोपाच पडेल असं नाही. नातवंडांशी व्हिडिओवर बोलायची सवय लागलेल्या आजीला मेनूत मेनू असलेला बटणांचा फोन देणं म्हणजे तिच्याकडून ते बोलणं काढून घेणं आहे. निर्णय त्यांना विचारून करा. आणि मुलांसाठी ‘साधा म्हणून सुरक्षित’ हेही खरं नाही. ब्राउझर असलेल्या बटणांच्या फोनात बहुधा पालकांसाठी कोणतंच नियंत्रण नसतं. त्यापेक्षा पालकांची नियंत्रणं नीट लावलेला स्मार्टफोन बरा. मुलाला फक्त कॉल हवेत तर ब्राउझर नसलेला, निव्वळ बटणांचाच फोन घ्या.

## ८. साध्या फोनवर जाण्याचा दिवस

क्रम महत्त्वाचा आहे.

1. संपर्क आवरा. साध्या फोनात साधारण ५०० ते २००० नावं मावतात, सिमवर २५० च्या आसपास. सिमवर एका नावाला एकच नंबर बसतो आणि लांब नाव कापलं जातं. देवनागरी नावाला जागा आणखी कमी मिळते. म्हणून सिमवर न टाकता फोनच्या स्मृतीत टाका.
2. व्हीसीएफ फाइल (सगळे संपर्क एकत्र साठवणारी) काढा आणि ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डाने न्या. आधी पाचच नावांची फाइल पाठवून बघा. काही फोन एका फाइलमधलं पहिलंच नाव घेतात, बाकीची सोडून देतात. आयक्लाउडमधून निघणारी फाइल व्हीकार्ड ३.० प्रकारची असते, ती जुन्या धाटणीच्या फोनांना वाचता येत नाही, २.१ मध्ये बदलून घ्यावी लागते. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर तीच नावं रोमन लिपीत लिहिणं हा सर्वांत कमी डोकेदुखीचा उपाय.
3. महत्त्वाचे एसएमएस बाहेर काढा. ते साध्या फोनात नेता येत नाहीत.
4. पायरी ४ मधली प्रत्येक गोष्ट झाली ना, पुन्हा बघा. विशेषतः आयमेसेज, आरसीएस आणि ऑथेंटिकेटर.
5. सिम हलवा. अडॅप्टरमध्ये सिम सैल बसत असेल तर ओढून काढताना खाचेतल्या पिना वाकतात. अशा वेळी कंपनीकडून योग्य आकाराचं सिमच बदलून घ्या.
6. सिमला पिन लावा. साध्या फोनात साठवण बहुधा कूटबद्ध नसते आणि ‘लॉक’ म्हणजे नुसतं बटणांचं लॉक असतं. फोन सापडणाऱ्याला तुमचे ओटीपी वाचता येतील. सिमला पिन असेल तर दुसऱ्या फोनात घालून ते वापरता येत नाही. तीन वेळा पिन चुकला की पीयूके मागतो. पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी होतं.
7. चाचणी घ्या: एक कॉल करा, एक घ्या, एक एसएमएस पाठवा, एक ओटीपी मागवा, घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत उभं राहून एकदा बोलून बघा. फोन परत करण्याची मुदत संपण्याआधी हे सगळं व्हायला हवं.

## ९. जुना स्मार्टफोन

महिनाभर पुसू नका. ‘अरे, हे राहिलंच’ असं एखादं खातं निघतंच, आणि वर्षातून एकदाच उघडावं लागणारं तर हमखास. घरी ठेवणार असाल तर कायम चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते. बंद करून ठेवायचा असेल तर साधारण निम्म्या चार्जवर ठेवा आणि काही महिन्यांनी तपासा, पूर्ण रिकामी पडून राहिलेली लिथियम बॅटरी पुन्हा उठत नाही.

विकायचा किंवा कुणाला द्यायचा ठरला तर आधी सेटिंगमधून गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडा, आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करा, मेमरी कार्ड काढा, आणि शेवटी फॅक्टरी रीसेट करा. खातं तसंच ठेवून रीसेट केलेला फोन पुढच्या माणसाकडे तुमचाच पासवर्ड मागत राहतो. तोवर तो पासवर्ड तुम्हाला आठवत असेलच असं नाही.